मातीच्या राज्यातले पाणी

दसरा उलटला की पुण्यात मातीला भाव येतो. सहामाही परीक्षा आटोपते आणि वाड्यांच्या चौकात, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, बंगल्यांच्या फाटकाशेजारी विटा, दगडगोटे आणि जुनी पोती जमा होऊ लागतात. वसुबारसेच्या आत किल्ला उभा राहिला पाहिजे. विटांचा सांगाडा, त्यावर भिजवलेली पोती, पोत्यांवर चिखलाचे लिंपण आणि वरून चाळलेल्या तांबड्या मातीचा हात. मग बुरूज, तटबंदी, पायऱ्या, गुहेतला वाघ. उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरली की पाडव्यापर्यंत डोंगर हिरवा होतो. कुंभारवाड्यातून सिंहासनावरचे महाराज येतात, मावळे येतात, तोफा येतात. त्यांच्याबरोबर गवळण, भाजीवाली, वासुदेव, गाईगुरे अशी सगळी रयतही येते.

आणि रयत आली की तिच्या सोयी आल्या. पाहायला येणारे बहुतेक लोक बालेकिल्ला पाहून पुढे सरकतात. मी पायथ्याच्या गावाशी थांबतो. तिथे पांढऱ्या रांगोळीचे रस्ते असतात, करवंटी पुरून केलेली विहीर असते, आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल असतो. कुणी खोक्याची शाळा करतो, कुणी लाल फुलीचा दवाखाना. शिवकाळातल्या गडाच्या पायथ्याशी एसटीचा थांबाही मी पाहिला आहे. इतिहासाच्या शिक्षकांना तो खटकेल. मला तो फार खरा वाटला. आपल्या राज्यातल्या माणसांना बाजारहाटाला, पाहुण्यांकडे, दवाखान्यात जाता आले पाहिजे, एवढे त्या मुलाला कळले होते आणि त्याने त्याची तजवीज केली होती.

हे किल्ले म्हणजे नकाशावर नसलेली छोटी राज्ये आहेत आणि ती फार गांभीर्याने पाहावीत असे मला वाटते. खऱ्या राज्यात एखादी सोय नसली तर कारणे हजार असतात. निधी आला नाही, जागा ताब्यात आली नाही, ठेकेदार पळाला, कोर्टाची स्थगिती आली. कल्पनेतल्या राज्यात यातले काहीच आड येत नाही. पैसा लागत नाही, जमीन आपलीच असते, कायदाही आपलाच. तिथे जे नसते ते केवळ सुचले नाही म्हणून नसते. म्हणून माणसाने कल्पिलेल्या राज्यात पाणी कुठून येते, शेवटच्या घरापर्यंत पोचते का, वापरून झाल्यावर कुठे जाते आणि घाण उचलण्याचे काम कुणाच्या वाट्याला येते, हे पाहिले की त्या माणसाच्या मनातला न्याय उघडा पडतो. सिंहासन कितीही सुंदर असो, त्यावरून हे कळत नाही.

मुलांना पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले येते. किल्ल्यावर कारंजे हवेच, आणि त्याची रीत पुण्यातल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना शिकवली आहे. औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी आणायची. पाण्याची बाटली खिडकीच्या गजाला उलटी टांगायची. नळी मातीखालून तळ्यापर्यंत न्यायची आणि तिच्या टोकाला रिकाम्या रिफिलचे तोंड बसवायचे. नळीवरची चाकाची चिमटी सैल केली की कारंजे उडते. बाटली जितकी उंच, तितकी धार उंच. पहिल्या खेपेला मात्र ते बहुधा उडतच नाही, कारण नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. मग एक जण जमिनीवर पालथा पडून नळी ओढतो, तोंडात गढूळ पाणी येते, तो थुंकतो, आणि पुढच्या क्षणाला तळ्यात धार उभी राहते. तेवढ्यावर सगळे टाळ्या पिटतात.

या मुलांना कुणी सांगत नाही की ती ज्या शहरात पालथी पडली आहेत, त्याच्या पोटातून अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी नेमकी हीच युक्ती गेली आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या घाटाखाली तलाव बांधून तिथले पाणी दगडी बांधणीच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. ना मोट, ना रहाट. कात्रज उंचावर आणि कसबा खाली, एवढ्या उताराच्या भरवशावर पाणी चालत आले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडेल आणि माणसाला आत उतरून गाळ काढता येईल. शनिवारवाड्यातले हजारी कारंजे उडायचे ते अशा उंचावरून आलेल्या पाण्याच्या दाबावर. पेशव्यांच्या गवंड्यालाही हवेचा बुडबुडा छळत होता आणि त्यानेही त्याला बाहेरची वाट करून दिली होती.

त्या नळाचे पाणी पेठांमधल्या हौदांतही खेळले. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, साततोटी हौद, फडके हौद ही नावे रिक्षावाल्याला सांगितली तर तो आजही बरोबर नेऊन सोडतो. यातले काही हौद बुजले, काही झाकले गेले, पण शहर पत्ता सांगताना अजून त्या पाण्याचे नाव घेते.

आपल्याकडे राज्य मांडणाऱ्यांनी पाण्याचा विचार आधी केल्याची साक्ष आणखीही आहे. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरात जो शिलालेख आहे, त्यात गडावर काय काय उभारले ते सांगताना विहिरी, तळी, बागा आणि रस्ते आधी येतात, राजवाडे मागून. सिंधुदुर्गात चारी बाजूंनी खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, पाणी नसेल आणि जागा तर सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी करावीत, असे ते बजावते. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, हेही त्यात आहे. झऱ्याला तोफेचा हादरा बसतो, हे ज्याने लिहिले तो माणूस वेढ्यात तहानलेला राहिला असणार किंवा तहानलेल्यांना त्याने जवळून पाहिले असणार.

त्याच आज्ञापत्रात कचऱ्याचीही आज्ञा आहे, आणि मला ती टाक्यांच्या आज्ञेहून मोठी वाटते. गडावरच्या वाटांवर केर पडू देऊ नये, झाडलेला केर गडाखाली लोटून देऊ नये, जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून घरोघरी भाजीपाला करावा. गडाखाली लोटून देऊ नये, हे सांगावे लागले याचा अर्थ लोक लोटत होते. उंचावर राहणाऱ्याची ती जुनी खोड आहे. खाली कोण राहते याचा विचार न करता कडेलोट करून मोकळे व्हायचे. एका राज्याच्या अमात्याने मुत्सद्देगिरी, तोफखाना, वतने यांच्या बरोबरीने केराची विल्हेवाट लिहून ठेवली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

मोठ्या माणसांनी कागदावर वसवलेली राज्ये आता पाहू. इंग्लंडच्या थॉमस मोरने १५१६ साली लॅटिनमध्ये 'युटोपिया' लिहिला. त्या बेटाच्या राजधानीत वीस फूट रुंद रस्ते आहेत. नदीचे पाणी मातीच्या नळांतून खालच्या वस्त्यांत खेळवले आहे, आणि जिथे ते चढत नाही तिथे पावसाचे पाणी साठवायला टाकी आहेत. शहराबाहेर चार मोठी रुग्णालये आहेत. वाचताना वाटते, हा माणूस नगररचना खात्यात असता तर किती बरे झाले असते. पण पुढे वाचत गेलो की कळते, युटोपियात जनावरे कापायचे काम गुलाम करतात आणि सामुदायिक भोजनगृहातली जड आणि घाणेरडी कामेही गुलामच करतात. मोरने खासगी मालमत्ता काढून टाकली, दिवसाचे काम सहा तासांवर आणले, सोन्याची किंमत शून्य केली. घाण मात्र कुणीतरी दुसऱ्याने उचलायची, हे त्याला बदलता आले नाही. कल्पनेत सगळे फुकट असतानाही आले नाही.

बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली 'सुलतानाज ड्रीम' ही गोष्ट लिहिली. तिच्यातल्या देशात पुरुष मर्दान्यात आणि बायका राज्यकारभारात. तिथल्या विद्यापीठातल्या बायकांनी आकाशात फुगा सोडून त्याच्या नळाने ढगातले पाणी उतरवून घेतले आहे आणि सूर्याची उष्णता साठवून ठेवली आहे. स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही. रुकैयांनी ढगाला नळ लावला याचे कारण उघड आहे. हंडा कुणाच्या डोक्यावर असतो आणि चुलीचा धूर कुणाच्या डोळ्यांत जातो, हे त्यांना ठाऊक होते. ज्याच्या अंगावर ओझे असते, त्याची कल्पना त्या ओझ्यापासूनच सुरू होते.

आता आपल्या घरची गोष्ट. बलिप्रतिपदेला ओवाळताना इडा पिडा टळो आणि बळीचे राज्य येवो, असे आपल्याकडच्या बायका म्हणतात. ज्या दिवाळीत अंगणात मातीचे राज्य उभे असते, त्याच दिवाळीत एका न आलेल्या राज्याची प्रार्थना होते. ते राज्य कसे असेल, त्यात कोणते अधिकारी असतील, वसूल कसा होईल, याचा तपशील पुण्याच्या गंज पेठेत राहणाऱ्या एका माणसाने १८७३ साली लिहिला. जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'त बळीराजाचा कारभार आहे. त्याने नवखंडांचा न्याय पाहायला खंडोबा नेमला. वसुलाला महासुभा नेमला, जो पिकांची पाहणी करून, सूट-तूट देऊन सगळ्यांना आनंदात ठेवी, आणि शेताच्या बांधावर शेंदूर फासून ज्याला आपण पूजतो तो म्हसोबा म्हणजे तोच. इतिहास म्हणून हे टिकते की नाही याचा वाद अभ्यासकांनी घालावा. माझे मन वेगळ्याच ठिकाणी अडकते. जोतीरावांच्या कल्पनेतल्या देवाच्या हातात शस्त्र नाही, त्याच्याकडे एक कामगिरी आहे: पीक पाहायला शेतावर जाणे आणि पीक बुडाले असेल तर सारा माफ करणे. रयतेला देवाकडून काय हवे असते, ते इतक्या नेमकेपणाने मी दुसरीकडे वाचलेले नाही.

जोतीरावांनी कागदावरचे राज्य कागदावर ठेवले नाही. ते सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याच्या कालव्याचे काम यांच्याशी त्यांचा संबंध होता, त्यामुळे चुना, दगड आणि मजुरांची मजुरी त्यांना आतून माहीत होती. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारला त्यांनी सांगितले की लष्करातल्या आणि पोलिसांतल्या माणसांकडून बांध आणि तलाव बांधून घ्या, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल. कालव्याचे पाणी प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या मानाने तोटीने मिळावे, असेही त्यांचे म्हणणे होते. तोटी म्हटले की मोजमाप आले, आणि मोजमाप आले की पाटबंधाऱ्याच्या साहेबाची मेहेरबानी संपली.

१८७६ ते १८८३ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतावर पैसे उधळायला त्यांनी विरोध केला. मंडईची मोठी इमारत बांधण्यालाही त्यांचा विरोध होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लागावा असे त्यांना वाटे. इमारत अखेर उभी राहिली आणि आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात. तिच्या सावलीत भाजी विकणाऱ्या बायकांची मुले कोणत्या शाळेत जातात, हे विचारणे हा त्या नावाचा मान राखण्याचा मार्ग आहे.

पण त्यांचे ज्याला मी राज्यस्थापना म्हणेन ते काम १८६८ चे. पेशवाईपासून पुण्यात पाणी होते, हौद होते, आणि अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना त्यातले घोटभर घेण्याची मुभा नव्हती. भर पाण्याच्या शहरात त्यांनी कुणी पाणी वाढील का म्हणून ताटकळायचे. जोतीरावांनी स्वतःच्या घरचा हौद त्यांना खुला केला. त्यासाठी ठराव लागला नाही, मंजुरी लागली नाही. कात्रजचा तलाव, दगडी नळ, हौद या सगळ्या बांधकामाला जे जमले नव्हते ते दाराची एक कडी काढल्याने झाले. पाण्याची सोय म्हणजे काय, हे त्या दिवशी गंज पेठेतल्या काही कुटुंबांना प्रथमच कळले असेल.

जोतीरावांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बुधवार पेठेत हौद बांधला. बाहुलीचा हौद म्हणून तो ओळखला जातो. मुलीला शिकवले म्हणून भाऊबंदांनी तिला खाण्यातून काचा घातल्या, असे सांगितले जाते. ती खेळण्याच्या वयात गेली. बापाने तिच्या नावाने पाण्याची सोय केली आणि ती सर्वांसाठी ठेवली. पुण्याच्या गर्दीतून जाताना या हौदाचे नाव ऐकले की मला क्षणभर थांबावेसे वाटते.

कागद आणि पाणी यांच्यात किती अंतर असते ते महाडने दाखवले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सदस्य बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे ठरवून टाकले. कागदावर राज्य बदलले होते. तळ्याच्या पायऱ्यांवर ते २० मार्च १९२७ ला बदलायला निघाले, जेव्हा बाबासाहेबांनी ओंजळ भरली, आणि त्या ओंजळीसाठी परत जाताना लोकांनी डोक्यावर लाठ्या झेलल्या.

आमच्या सोसायटीतल्या मुलांनी केलेला एक किल्ला मला अजून नीट आठवतो. कारंजे झकास उडत होते. तळे भरले, मग काठावरून वाहू लागले. ओघळ आधी बाजारपेठेत शिरला, रांगोळीचा रस्ता गेला, भाजीवाली आडवी झाली. मुलांनी घाईघाईने एका बाजूला मातीचा बांध घातला आणि पाणी किल्ल्याबाहेर काढले. राज्य वाचले. ते पाणी पार्किंगच्या उतारावरून सरळ वॉचमनकाकांच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन साचले. त्यांची मुलगी किल्ला करणाऱ्यांतलीच होती, मातीने कोपरापर्यंत भरलेली. ती वळून म्हणाली, "ए, पाणी आमच्या दारात जातंय."

कुणी काही बोलले नाही. सहावीतल्या एका मुलीने खुरपे उचलले आणि पायथ्याच्या गावातून एक चर काढायला घेतला. चर काढायचा तर मध्ये येणारे पाटलाचे घर हलवावे लागत होते. त्यावर थोडी खडाजंगी झाली, पण घर हलले. चराच्या तळाशी विटांचे तुकडे पसरले, वरून रिकाम्या बाटलीचा अर्धा तुकडा पन्हळ म्हणून बसवला, आणि पाणी जास्वंदीच्या आळ्यात सोडले. त्या वर्षीच्या दिवाळीत मी जे किल्ले पाहिले, त्यांत सांडपाण्याची वाट असलेला हा एकच. इतरांनी पाणी आणले होते, सोडले कुठे हे पाहिले नव्हते. मुलांचा यात दोष नाही. जे त्यांना रोज दिसते ते त्यांनी मांडले. नळ दिसतो, गटार झाकलेले असते. पोलिसाचा गणवेश चित्रात येतो, ड्रेनेजच्या झाकणाशी उभा असलेला माणूस येत नाही.

आणि शहर म्हणून आपण काय करतो? पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेला जाते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीला. उजनीच्या पाण्यावर सोलापूर जगते. वॉचमनकाकांचा उंबरा इथे शेजारच्या जिल्ह्यात आहे, म्हणून तिथून कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावे आली आणि २०२१ साली आणखी २३. इमारती आधी उभ्या राहिल्या, जलवाहिन्या मागून निघाल्या. तिथल्या किती घरांत आजही टँकरच्या वेळेवर आंघोळीची वेळ ठरते, ते तिथे राहणाऱ्या कुठल्याही नातेवाइकाला विचारावे. तीही माणसे पुणेकर आहेत आणि कर भरतात.

उलट बाजूचीही एक गोष्ट याच शहरात घडली, आणि ती कल्पनेतल्या कुठल्याही राज्याने हेवा करावा अशी आहे. उकिरड्यावर कचरा वेचणाऱ्या बायका १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' म्हणून एकत्र आल्या. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली तिने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्या बाईला लोक उकिरड्यावरून हुसकावत, ती ओळखपत्र लावून जिन्याने वर येऊ लागली, बेल वाजवू लागली. थॉमस मोरला जे सुचले नाही ते या बायकांनी करून दाखवले. घाण उचलणारा माणूस राज्याच्या नकाशात आणला, आणि नोकर म्हणून नव्हे, संस्थेचा सभासद म्हणून आणला. हाताने मैला काढायला लावण्याला आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात उतरवण्याला आज कायद्याने बंदी आहे. १९९३ चा कायदा होता, २०१३ चा अधिक कडक आहे. तरीही माणसे उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. हे थांबत नाही तोवर आपल्या शहराला प्रगत म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दिवाळीत पुण्यात किल्ल्यांच्या स्पर्धा होतात. गल्लीतल्या मंडळापासून मोठ्या संस्थांपर्यंत अनेक जण त्या घेतात आणि परीक्षक मंडळी टिपणवही घेऊन घरोघर फिरतात. तटबंदी, प्रमाणबद्धता, ऐतिहासिक अचूकता, सजावट यांना गुण असतात. या परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. आज्ञापत्राचा आधार घ्या आणि थोडे गुण बाजूला काढा. गडावर पाण्याची टाकी किती, पायथ्याच्या शेवटच्या घराला पाणी कुठून मिळते, तळे भरून वाहिले तर पाणी कुणाच्या दारात जाते, केर कुठे जातो, झाडणाऱ्याचे घर गावात कुठे आहे, हे मुलांना विचारा. उत्तर आले नाही तर गुण कापू नका. खुरपे हातात द्या आणि त्यांना तिथल्या तिथे चर काढू द्या. कुंभारवाड्यातल्या कारागिरांनाही विनंती आहे. वासुदेव आणि गवळण करता, तसे हातगाडी ढकलणारी कचरावेचक ताई आणि नळ दुरुस्त करणारा फिटर करा. मुले घेतील, मी स्वतः पहिल्यांदा घेईन.